डागांच्या टिपा छापताना कापड आणि प्रमाणही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डाग काढण्याच्या टिपा आपल्याकडे बाराही महिने छापून येतात. उन्हाळ्यात आंब्या-फणसाच्या, दिवाळीत तेलातुपाच्या, धुळवडीनंतर रंगाच्या. पुरवणीतली ती चौकट पूर्वी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली जायची, आता तिचा फोटो नात्यागोत्यात फिरतो. लोक या टिपांवर विश्वास ठेवतात, म्हणून हे पत्र. ‘टूथपेस्ट लावा’, ‘लिंबू चोळा’, ‘व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा ओता’ असे अर्ध्या ओळीत उरकले जाते. कापड सुती की रेशमी, चमचा केवढा, ठेवायचे किती वेळ आणि कशात अजिबात मिसळायचे नाही, यातले काही त्यात नसते. धुलाईच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा. मूळ डागापेक्षा त्यावर घरी झालेले उपचार निस्तरणे जास्त जिकिरीचे असते.

सगळ्यात पहिली चूक साबणाची. वरणाचा थेंब पांढऱ्या सदऱ्यावर पडला की हात आपसूक वडीकडे जातो. वडी दोनदा फिरली की पिवळा डाग डोळ्यांदेखत विटकरी लाल होतो. मग घाबरून आणखी साबण, आणखी घासाघीस, आणि शेवटी डागाभोवतीच्या सुताला लव सुटते. खरे तर त्या लालीत घाबरण्यासारखे काही नाही. हळदीतला कुरकुमिन हा रंग आम्लात पिवळा असतो आणि साबण, सोडा, चुना असे काही लागले की लाल होतो. हळदीवर चुन्याचा संस्कार करून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर चालते. साबण पाण्याने निघून गेला, वर लिंबाचे दोन थेंब पडले की डाग परत पिवळा. म्हणजे तो वाढलेला नसतो आणि गेलेलाही नसतो.

हळद चिवट ठरते ती वेगळ्याच कारणाने. कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. वरणावरच्या फोडणीने तो सुतात आतपर्यंत नेलेला असतो. त्यामुळे आधी तेल काढायचे. चमच्याच्या कडेने वरचा भाग उचलावा, पुसू नये, कारण पुसले की डाग पसरतो. मग कोरड्याच कापडावर भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब सोडून बोटाने हलके जिरवावेत आणि १५ मिनिटे थांबावे. कापड आधी ओले केले तर लिक्विड पातळ होते आणि तेलापर्यंत जोर पोहोचत नाही. भांड्यांची वडी मात्र इथे चालत नाही, तिच्यात घासण्यासाठी बारीक भुकटी घातलेली असते. कोमट पाण्याने धुऊन हेच पुन्हा एकदा करावे. उरलेला फिकट पिवळा रंग उन्हावर सोडावा. कुरकुमिन उजेडात टिकत नाही, त्यामुळे डागाची बाजू सूर्याकडे करून ओलसर कापड दोन-तीन दिवस वाळत घातले की पांढऱ्या सुती कापडावरून तो बहुधा नाहीसा होतो. रंगीत कपड्याचा स्वतःचा रंगही उन्हात विटतो, तेव्हा तिथे दोन-दोन तासांनी बघत राहावे.

जांभूळ आणि कोकम यांचा प्रकार हळदीच्या उलटा. त्यांचा लाल-जांभळा रंग आम्लात उजळ, तांबूस राहतो आणि साबणाने निळसर-करडा पडतो. असा निळसर झालेला डाग पाहून ‘शाई सांडली’ असे समजून शाईचे उपाय सुरू होतात. जांभळाच्या डागावर आधी उलट्या बाजूने नळाचे गार पाणी सोडावे, मग पाण्यात अर्धे लिंबू पिळून त्यात १० मिनिटे बुडवावे, आणि त्यानंतरच डिटर्जंट लावावे.

चहाला आपण साधा डाग समजतो. आपल्या चहात तीन गोष्टी एकत्र असतात. पत्तीतले टॅनिन (तुरट द्रव्य), दुधातली प्रथिने व स्निग्धांश, आणि साखर. उकळते पाणी ओतले तर दुधाचे प्रथिन गोठून सुताला चिकटते. अंगाचा साबण किंवा कपड्यांची वडी घासली तर टॅनिन पक्के होते. म्हणून क्रम महत्त्वाचा. कापड उलटे धरून डागाच्या मागून गार पाण्याची धार सोडायची, म्हणजे डाग आला त्याच वाटेने बाहेर जातो. मग अर्ध्या लिटर पाण्यात एक चमचा द्रव डिटर्जंट घालून अर्धा तास भिजवायचे. तरी तपकिरी कड उरली तर एक कप पाण्यात दोन चमचे पांढरे व्हिनेगर घालून ते लावायचे, १० मिनिटांनी धुऊन टाकायचे. पांढऱ्या किंवा पक्क्या रंगाच्या सुती कापडावर शेवटचा उपाय ऑक्सिजन ब्लीचचा. डब्यावर सोडियम परकार्बोनेट असे लिहिलेली पावडर घ्यावी. ४ लिटर पाण्यात एक मोठा चमचा, पाणी हाताला जेमतेम सोसवेल इतके गरम, आणि वेळ एक ते चार तास. गार पाण्यात ही पावडर फार संथ चालते आणि ‘काही उपयोग नाही’ असा शिक्का तिच्यावर बसतो. हे पाणी दर वेळी ताजे करावे. उरलेले बाटलीत भरून झाकण लावून ठेवू नये, त्यातून सतत ऑक्सिजन सुटतो आणि बाटली फुटू शकते. ही पावडर अल्कधर्मी असल्याने रेशीम-लोकरीला वर्ज्य.

आता ज्यांच्याबद्दल टिपांत सहसा काहीच नसते, ते डाग. पडताना ते पाण्यासारखे दिसतात. केळफूल सोलताना उडालेला चीक, शहाळे सोलताना उडालेले पाणी, काजूच्या बोंडाचा रस, उसाचा रस, लिंबाचे सरबत. पुसले, वाळले, विसरलो. दोन दिवसांनी तिथे तपकिरी ठिपका उगवतो आणि घरात प्रश्न पडतो, हा आला कुठून? सरबताच्या बाबतीत उत्तर इस्त्री. कापडात वाळलेली साखर तापली की करपते, तव्यावर सांडलेल्या पाकासारखी. केळीच्या चिकाचे वेगळे. त्यातली टॅनिनच्या जातीची द्रव्ये हवेने काळवंडतात, कापलेले सफरचंद किंवा चिरलेले वांगे काळे पडते तशी. ती सुताच्या आत काळी झाली की साबणाला दाद देत नाहीत. केळफुलाला हात घालताना तेल लावतात ते हातासाठी, कपड्यासाठी त्या वेळी जुना पंचा बांधणे हाच उपाय. चीक उडालाच तर ओला असतानाच भरपूर पाण्याने धुऊन लिंबाचा रस लावावा. आम्लाने काळे पडण्याची क्रिया मंदावते. पांढऱ्या सुती कापडावरचा जुना डाग ऑक्सिजन ब्लीचने दोन-तीन वेळा भिजवून फिका करता येतो. रंगीत कापडावरचा जुना केळीचा डाग घरी जात नाही, आणि तो जातो असे छापू नये.

आंबा आणि फणस मात्र वेगळ्या वर्गातले. देठाशी येणारा आंब्याचा चीक तेलकट, राळेसारखा असतो. त्याला पाणी लागतच नाही. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून टिपावे, मग लिक्विड, मग धुणे. फणसाच्या चिकाला कोकणात विळीला लावतात तेच खोबरेल चालते. आधी बर्फाचा खडा फिरवून चीक कडक करावा, सुटेल तेवढा नखाने खरवडावा, उरलेल्यावर थोडे खोबरेल चोळून तो मऊ करावा. त्यानंतर त्या खोबरेलाचाच डाग पडलेला असतो, तो वरणाच्या रीतीने काढायचा. एक डाग दुसऱ्या, सोप्या डागात बदलून घेणे, ही या कामातली जुनी युक्ती.

रक्ताबद्दल बहुतेकांना गार पाणी माहीत असते, पण त्यापुढचे नसते. लिटरभर गार पाण्यात दोन चमचे मीठ घालून अर्धा तास भिजवावे, पाणी तांबूस झाले की बदलावे. एन्झाइमवाली डिटर्जंट पावडर असेल तर कोमट पाण्यात आणखी अर्धा तास. उकळत्या पाण्यात एन्झाइम मरते, आणि रेशीम व लोकर ही स्वतःच प्रथिने असल्याने एन्झाइम त्यांनाही खाते. औषधांच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड बहुधा ६ टक्क्यांचे असते. त्यात तेवढेच पाणी मिसळून ते पांढऱ्या सुती कापडावर वापरता येते. पण ते आधीच ओतले तर नुसता फेस येतो आणि औषध वाया जाते, कारण रक्तातलेच एक एन्झाइम त्याचे पाणी आणि ऑक्सिजन करून टाकते. आधी रक्त धुऊन काढायचे, मग उरलेल्या पिवळट खुणेवर पेरॉक्साइड.

बॉलपेनच्या शाईला टूथपेस्ट लावण्याची टीप वर्षानुवर्षे चालू आहे. टूथपेस्टमध्ये दात घासायची बारीक भुकटी असते. तिने शाई थोडी खरवडली जाते आणि कापडही. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती स्पिरिटमध्ये विरघळते. डागाखाली पांढऱ्या सुती कापडाची चौपदरी घडी ठेवावी, कापड पालथे घालावे आणि मागून स्पिरिटचा बोळा टेकवत राहावा. शाई खालच्या घडीत उतरते. घडी सरकवत राहिले नाही तर उतरलेली शाई परत वर चढते आणि निळे वर्तुळ पसरते. बहुतेक माणसे इथेच चुकतात, असे म्हणायला हरकत नाही. हाताचे सॅनिटायझर नड भागवते, पण रंगीत किंवा कोरफडवाले नको. जेल पेनच्या शाईत रंगाचे घन कण असतात, तिथे स्पिरिटने फारसे काही होत नाही. नेलपॉलिश ॲसिटोनने निघते, पण ॲसिटेटच्या कापडावर ॲसिटोन पडले तर कापडच विरघळते. अस्तरांत हे कापड असते.

नुसत्या तेलातुपाच्या डागावर टाल्कम पावडर किंवा कोरडा मैदा जाड थरात टाकून काही तास ठेवावा, झटकावा, मग लिक्विड. सुती कापडाला त्यानंतर गरम पाणी चालते. पॉलिएस्टर आणि टेरिकॉटची गोष्ट निराळी. ते धागे तेल धरून ठेवतात, त्यामुळे डाग पडला त्याच दिवशी हे झाले तर ठीक. डाग गेल्याची खात्री ओल्या कापडावर होत नाही. वाळल्यावर उजेडात बघावे, आणि तोवर इस्त्री लांब ठेवावी.

गंजाचा डाग दोरीऐवजी तार वापरणाऱ्या घरांत, लोखंडी चिमट्याने, पँटच्या हुकाने पडतो. पावसाळ्यात कपडे चार-चार दिवस तारेवर राहतात तेव्हा जास्तच. त्यावर ब्लीच टाकण्याइतकी मोठी चूक नाही. क्लोरीनच्या ब्लीचने लोह आणखी पक्के बसते. बोअरवेलच्या पाण्यात लोह असेल तर ब्लीचमध्ये भिजवलेली पांढरी चादर सबंधच पिवळी पडते, तेही याच कारणाने. गंजाला आम्ल लागते. अर्धा कप कोमट पाण्यात एक चमचा लिंबूसत्त्व विरघळवून डागावर लावावे आणि १५-२० मिनिटे ओले ठेवावे. लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात धरले तरी चालते, मात्र वाळू द्यायचे नाही. नंतर तीन पाण्यांतून खळबळून काढायचे. आम्ल कापडात राहिले आणि त्यावर इस्त्री फिरली की सूत कुजल्यासारखे होते, आणि पुढच्या धुण्याला डागाच्या जागी भोक पडते. दोष मग लिंबाला दिला जातो. धुलाईवाले गंजासाठी वापरतात त्या काही द्रावणांत फ्लोराइडची आम्ले असतात. ती कातडीतून आत शिरून खोल जखम करतात, तेव्हा ओळखीने बाटलीभर मागून घरी आणू नयेत.

पावसाळ्यातल्या बुरशीसाठी एवढेच की ती घराबाहेर, कोरडी असतानाच ब्रशने झटकावी. ओली करून घासली तर पसरते. पांढऱ्या सुती कपड्यावरचे काळे ठिपके क्लोरीनच्या ब्लीचने जातात. ४ लिटर गार पाण्यात रिन आलासारखे ब्लीच एक मोठा चमचा, १० मिनिटे, लगेच भरपूर पाणी. रेशीम आणि लोकर यात विरघळू लागतात, लायक्रा पिवळी पडून सैलावते.

आणि आता ज्या दोन ओळींसाठी हे सगळे पत्र छापले तरी पुरे, त्या. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, लिंबूसत्त्व किंवा संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. दार लावलेल्या न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. ‘आधी ब्लीच लावले, डाग गेला नाही, म्हणून त्यावरच लिंबू पिळले’ हेही मिसळणेच झाले. मधे कापड आणि बादली दोन्ही स्वच्छ धुतलेली हवीत. वास आलाच तर आधी बाहेर पडायचे, काही ओतून तो मारायला जायचे नाही.

त्यामानाने व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा यांची जोडी निरुपद्रवी, आणि निरुपयोगी. बुडबुडे जोरात येतात, त्यामुळे काहीतरी मोठे चालले आहे असे वाटते. आम्ल आणि अल्क एकमेकांना मारून टाकतात, उडून जातो तो कार्बन डायऑक्साइड आणि मागे राहते खारट पाणी. घामाच्या वासाला सोडा आणि चहाच्या कडेला व्हिनेगर, असे वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे आहेत.

पैठणी किंवा कोणतीही जरीची रेशमी साडी असेल तर घरी करण्यासारखे फारच थोडे. पांढऱ्या सुती रुमालाने टिपावे, चोळू नये. ओले रेशीम चोळले की बारीक तंतू तुटतात आणि तिथे पांढरट, निस्तेज चट्टा दिसतो, तो डाग नसतो, त्यामुळे निघतही नाही. तेल असेल तर टाल्कम टाकून रात्रभर ठेवावे. पाण्याचा हात लावू नये, पदराचा रंग काठात उतरतो आणि वाळताना कड धरते. घरी पेट्रोलने पुसण्याचा उद्योग तर नकोच, त्याची वाफ दूरच्या ज्योतीवरही पेटते.

सुती-रंगीत कपड्यावर काहीही लावण्याआधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकावा, ५ मिनिटांनी पांढऱ्या कापडाने दाबावा. रंग आला तर तो उपाय त्या कपड्याचा नव्हे. कपड्याला आतून शिवलेल्या पट्टीवरच्या खुणाही वाचाव्यात. फुली मारलेला त्रिकोण म्हणजे कोणतेही ब्लीच नको, आत दोन तिरप्या रेघा असलेला त्रिकोण म्हणजे फक्त ऑक्सिजनवाले चालेल.

आपल्याला विनंती एवढीच की टीप छापताना तिच्याबरोबर कापड, प्रमाण, वेळ आणि ‘यात मिसळू नका’ या चार गोष्टी छापाव्यात. चौकटीत जागा नसेल तर टिपा दहाऐवजी तीन द्याव्यात. वाचकांनाही एक सांगणे. कपडा बाहेर धुवायला देताना ‘डाग आहे’ एवढे पुरत नाही. ड्रायक्लीनचे द्रावण तेल काढते, साखर काढत नाही. सरबताचा डाग पेट्रोल वॉशमधून, म्हणजे ड्रायक्लीनमधून, तसाच बाहेर येतो आणि इस्त्रीखाली तपकिरी होतो. तेव्हा काय सांडले, कधी सांडले आणि त्यावर घरी काय काय लावून झाले, हे पावतीवर लिहून घ्यायला लावावे. शेवटचे सांगायला लोक लाजतात, आणि नेमके तेच कळायला हवे असते.

आपला,
धुलाई व्यवसायातील एक वाचक